पुण्यातली दावण

३ मार्च २०१९, रविवार

खतवाल्यानं फुकट दिलेली ही डायरी दोन महिने कोरी पडली होती. आज उघडली, कारण आज मला कुणीतरी काहीतरी ठरवायला सांगितलं. मी एकतीस वर्षांचा घोडा झालो, पण कॉलेज मामानं ठरवलं, बायको मुक्ता आईनं ठरवली, संस्थेतली नोकरी चेअरमननी ठरवली. मिशा ठेवायच्या का नाही तेवढं मी ठरवलं, आणि त्यालाही मुक्ता रोज नावं ठेवते.

गोष्ट अशी. आमच्या दूध संस्थेकडं दूधच येईना. दोन वर्षं पाऊस नाही, जनावरांना चारा नाही, मग दूध काय आभाळातून पडणार? म्हणून संस्थेनं चारा छावणी घेतली. माळावर सहाशे जनावरांची मंजुरी, चारा सरकारचा. अट एकच, रोज संध्याकाळी प्रत्येक जनावराची हजेरी. जनावराच्या कानात बिल्ला, बिल्ल्यावर मोबाईल धरायचा, टुक वाजलं की जनावर हजर. यादीवर जेवढी जनावरं तेवढ्यांचाच दुसऱ्या दिवशी चारा.

आता ही हजेरी साठवायची कुठं? बिल्ल्यांच्या कंपनीचा माणूस आलता, त्यानं दोन रस्ते सांगितले. एक तर सगळी यादी संस्थेच्या हापिसातल्या कॉम्प्युटरात ठेवायची आणि रोज तिची नक्कल पेनड्राईव्हवर घालून बीडला तहसीलमध्ये पोचवायची. नाही तर यादी गावात ठेवायचीच नाही. मोबाईलमधून ती सरळ कंपनीच्या पुण्यातल्या मोठ्या कॉम्प्युटरात जाईल आणि साहेब लोक बीडात बसून बघतील.

संचालक एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. तेव्हा चेअरमन मोहनरावआण्णा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "उत्तरेश्वर ठरवील. आपल्यात शिकलेला त्योच हाय."

दोन घास जास्त जेवलो आज.

७ मार्च, गुरुवार

चार दिवस डोक्याचा भुगा झालाय. गावातच ठेवावं म्हटलं, तर लाईटीचा भरवसा नाही. मागल्या उन्हाळ्यात व्होल्टेज वाढून संस्थेचा पंखा आणि दुधाचं मशीन एकदमच गेलं. पुन्हा रोज बीडला कोण जाणार, मीच. पुण्याला ठेवावं तर नेट पाहिजे. ते कंपनीवाल्यानं हापिसाच्या अंगणात उभं राहून दाखवलं, मोबाईलवर चार दांड्या होत्या. सकाळची वेळ होती, पण दांड्या त्या दांड्या.

मुक्ता म्हणाली, आपलं पीठ शेजारणीच्या डब्यात कशाला ठेवता? तिनं दाराला कडी घातली की बसा उपाशी. मी म्हटलं, अगं हे पीठ नाही, माहिती आहे. तर म्हणते, खायचाच विषय आहे ना, मग पीठच.

आण्णांचं मात्र बोलणं मनाला पटलं. म्हणाले, यादी हितं हापिसात ठेवली तर उद्या कुणीही उठून म्हणंल की मोहनरावानं हात घातला. लांब असलेली बरी, कुणाला बोट दाखवायला जागा नको. चेअरमन असून स्वतःवरच असा अविश्वास धरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पुणे ठरलं. फॉर्मवर ‘निर्णय घेणारा’ अशी एक ओळ होती, तिच्यावर माझी सही झाली. यादी उघडायचे परवलीचे शब्द दोन मिळाले. एक माझ्याकडं, दुसरा आण्णांच्या बीडच्या पुतण्याकडं. मी आजारी पडलो तर अडायला नको म्हणून.

१० मार्च, रविवार

छावणी सुरू. सहाशेच्या सहाशे भरली. पेंडीचं पोतं सोडावं तशी माणसं आली, सगळ्या गावाचा आवाज माळावर.

रांगा कशा लावायच्या यावर वाद होणार असं वाटलं होतं, पण बंकटमामानं मिटवला. बंकटमामा म्हणजे छावणीवरचा राखणदार, चारा वाटणं आणि शेण भरणं दोन्ही त्याच्याकडं. म्हणाला, पोळ्याला मिरवणुकीत जसे बैल निघतात तशाच रांगा. पहिला मान पाटलांचा, मग चेअरमन, मग गावातली घरं आणि शेवटी वस्तीवरची. कुणी चकार शब्द काढला नाही. मीही बिल्ल्यांचे नंबर त्याच क्रमानं दिले, एक ते सहाशे. हजेरीही त्याच क्रमानं घ्यायची.

शेवटच्या रांगेत जानकीमावशीची गाय. ५८७. मावशी आमच्या आईची मैत्रीण. पोरगा शहादेव आणि सून कर्नाटकात ऊस तोडायला गेलेत, घरी मावशी आणि गाय. गाय गाभण आहे, वैशाखात व्यायची. मावशी तिच्या पोटावरून हात फिरवत सांगत होती, ही व्याली आणि दूध सुरू झालं की पुढल्या साली शहादेव कोयत्यावर जायचा नाही. तसं बोलून ठेवलंय त्यानं. बिल्ला टोचताना गायीच्या आधी मावशीनंच डोळे मिटले.

१३ मार्च, बुधवार

संध्याकाळी रेंज नसते. सकाळी चार दांड्या, पाचनंतर एक, ती पण लाजत लाजत. टुक वाजतं, पण मोबाईलवर नुसतं गोल फिरत राहतं. गावाच्या पाण्याच्या टाकीवर चढलं तर जातं. टाकीत दोन वर्षांत पाणी चढलं नाही, मी मात्र रोज चढतोय. आठच्या आत यादी पुण्याला पोचली पाहिजे, नाही तर पोचेल तेवढीच खरी.

आज पहिली पाचशेच्या वर गेली. बाकीची गोल फिरत राहिली आणि आठ वाजले.

१६ मार्च, शनिवार

सकाळी यादी उघडली तर शेवटची छत्तीस नावं लाल. ५६५ ते ६००. मी कंपनीला फोन लावला. फोनवरची मुलगी लई गोड बोलली. म्हणाली, सलग तीन दिवस हजेरी नसली की जनावर आपोआप कमी होतं सर, सिस्टीमचा नियम आहे. मी म्हटलं, बाई, जनावर माझ्यासमोर रवंथ करतंय. ती म्हणाली, पण सर, आम्हाला ते दिसत नाही ना.

चारा ५६४ जनावरांचा आला.

आता मला कळतंय काय झालं ते. मी पहिल्या रांगेपासून सुरू करतो, म्हणून पहिल्या रांगा आठच्या आत पोचतात. रोज रेंज मारते ती शेवटच्याच माणसांना. पोळ्याचा क्रम मी बिल्ल्यात घातला आणि तो पुण्यापर्यंत नेला. मला कुणी सांगितलं नव्हतं तसं करायला. माझं मलाच सुचलं नाही की दुसरं काही करता येतं.

१७ मार्च, रविवार

बंकटमामानं आणि मी प्रत्येक पेंढीतून मूठ मूठ काढून त्या छत्तीसांना घातली. अकरा वाजेपर्यंत पहिल्या रांगेतून आरडाओरडा सुरू. आमच्या बैलांच्या तोंडचं काढून वस्तीवाल्यांना घालता का म्हणून. मूठ काढणं बंद.

१९ मार्च, मंगळवार

काल हजेरी उलटी घेतली. शेवटच्या रांगेपासून. म्हटलं, निदान पुढं आणखी कुणी वस्तीवालं कमी व्हायला नको. पाटलांचे बैल राहिले आणि लाल झाले, एकच दिवस, तीन झाल्याशिवाय काही बिघडत नव्हतं. तरी आज सकाळी आण्णांनी बोलावलं. रागावले नाहीत. चहा पाजला. म्हणाले, गावात कसं चालतं ते तुला मी सांगायचं का? मान मोडला की माणूस मोडतो, बाबा.

आजपासून पुन्हा पहिल्या रांगेपासून. मी नेभळट आहे हे इथं लिहून ठेवतो, दुसरीकडं कुठं लिहिणार?

२४ मार्च, रविवार

सकाळी यादी उघडली आणि उडालोच. पुन्हा सहाशे! धावत जाऊन जानकीमावशीला सांगितलं, मावशी, गाय परत आली. मावशीनं तिथंच देवाला हात जोडले. मग नीट बघितलं तर ५६५ ते ६०० लालच आहेत. नवीन छत्तीस आलेत, ६०१ ते ६३६. नावं पुढच्या वाडीवरच्या लोकांची. मी एकही बिल्ला टोचलेला नाही.

आण्णांना विचारलं. म्हणाले, जागा मोकळ्या झाल्या म्हणून वाडीवाल्यांनी अर्ज केले, पुतण्यानं बीडातूनच नोंदवले. त्यांची जनावरं वाडीवरच राहतील, उन्हात कशाला चालवायची? चारा आपला ट्रॅक्टर पोचवील. आण्णांचा स्वतःचा ट्रॅक्टर, भाडं नाही काही नाही.

मावशीला परत जाऊन सांगावं लागलं. कसं सांगितलं ते लिहीत नाही.

२९ मार्च, शुक्रवार

बीडला गेलतो. तहसीलमध्ये निवडणुकीची गडबड, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर चार तास. शेवटी एकजण म्हणाला, सहाशेचा कोटा भरलाय, जुनी नावं घ्यायची तर कंपनीला विचारा. कंपनीला तिथूनच फोन लावला. ती गोड मुलगी म्हणाली, तहसीलचं पत्र आणा सर. मी फोन त्या माणसाच्या कानाला लावायला गेलो तर तो जेवायला गेला.

येताना नेकनूरच्या फाट्यावर उतरून एक मोळी कडबा घेतला आणि डोक्यावर आणला. पाचशे सत्त्याऐंशीला दोन दिवस जाईल. बाकीच्या पस्तीसांचं काय, ते मला विचारू नका.

३१ मार्च, रविवार

पुण्याला कंटाळून मी आता इथंच यादी करायला लागलोय. हापिसातल्या कॉम्प्युटरात, रोजची, सगळ्या जनावरांची. जे डोळ्यांना दिसेल ते लिहायचं. छावणीत उभी आहेत ती पाचशे चौसष्ट अधिक आपली छत्तीस, तारखेसकट. दुपारी लाईट असते तेवढ्यात भरतो. पहिल्यांदाच असं झालं असतं तर! पण आता कोण विचारतंय.

बंकटमामा आज सहज म्हणाला, चारा सहाशेचा जातोय, शेणाच्या ट्रॉल्या मात्र पहिल्यापेक्षा कमी भरतायत. त्या नव्या छत्तीस काय हागत न्हाईत का? मी त्याला समजावलं की मामा, ती वाडीवर बांधलीत, त्यांचं शेण तिथं पडणार. घरी हे मुक्ताला सांगितलं तर ती म्हणाली, वाडी माझं माहेर आहे, सगळ्या वाडीत मिळून नऊ जनावरं आहेत आणि त्यातलं एक रेडकू. माहेरचं काही निघालं की तिला बोलायला उसंत नसते. मी विषय वाढवला नाही.

एक बरं, ती नवीन छत्तीस कधीच लाल होत नाहीत. परवा टॉवरच बंद होता, आमची सगळी अडकली, तरी ती हिरवी. बीडला नेट चांगलं असणार.

२ एप्रिल, मंगळवार

जानकीमावशी हापिसात आली. तिला कुणीतरी सांगितलं होतं की तुझी गाय उत्तरेश्वरच्या कॉम्प्युटरात आहे. मी पडद्यावर दाखवलं. नाव, नंबर, रंग तांबडा, गाभण, आजची तारीख, हजर. तिनं पदरानं पडदा पुसला आणि जवळून बघितलं. वाचता येत नाही तिला.

"ही माझीच का?"

"तुमचीच, मावशी."

"मंग हिला चारा मिळंल का आता?"

मी म्हटलं, न्हाई. चारा पुण्याच्या यादीवर मिळतो.

"मंग ही कावून लिहिली रं?"

तिनं चिडून विचारलं नाही, खरंच विचारलं. मला आजवर कुणी इतका अवघड प्रश्न घातलेला नाही. चहा सांगतो म्हटलं तर नको म्हणाली.

६ एप्रिल, शनिवार

पाडवा. घरोघर गुढ्या. शेवटच्या रांगेतली अकरा जनावरं लोकांनी सोडून नेली, कुणी पाहुण्यांकडं, कुणी बाजारात. मावशी म्हणते, गाभण गाय पाडव्याला दारातून काढू का? थांबली.

गायीच्या बरगड्या मोजता येतात. मी रोज घरून भाकरी नेतो, मुक्ता दोन जास्त थापते. गायीला भाकरीनं काय होतंय!

११ एप्रिल, गुरुवार

गाय बसली. उठेना.

१३ एप्रिल, शनिवार

काल बंकटमामा, मी आणि आणखी चौघांनी पोटाखालून पोती घालून तिला उभी केली. तासभर उभी राहिली. आम्ही सगळे हसलो, मावशीनं आमच्यावरून हात ओवाळून बोटं मोडली. आज पहाटे गाय गाभडली. वासरू पूर्ण होतं, पांढरं कपाळ, अंगावर केस आलेले. कालवड होती.

मी पोचलो तेव्हा मावशी त्याला पदरानं पुसत होती. डॉक्टर म्हणाला, गाय जगेल, पण आता दुधाचं नाव काढू नका. पोटात काही नसलं तर काय करणार ती.

मी रडलो. बंकटमामासमोर रडलो. पहिल्या रांगेत तेव्हा ट्रॅक्टर चारा उतरवत होता.

संध्याकाळी मोबाईल घेऊन टाकीवर चढलो. पाचशे चौसष्ट गेली. आज रेंज चांगली होती.

२४ एप्रिल, बुधवार

जिल्ह्याचं पथक तपासणीला येणार आहे. आण्णांनी बोलावून सांगितलं, एक पत्र लिहून ठेव, तुझ्याच हातचं. यादी पुण्याला ठेवायचा निर्णय तुझा होता आणि कमी झालेली छत्तीस जनावरं सलग तीन दिवस गैरहजर होती, असं. मी म्हटलं, आण्णा, ती छावणीतच होती. मी बघितलीत.

आण्णा शांतपणे म्हणाले, "पुण्याच्या यादीत गैरहजर होती का न्हाई?"

"होती."

"मग खोटं काय लिहितोस तू?"

खोटं नव्हतंच. निर्णय पण माझाच होता, फॉर्मवर सही आहे. आण्णांनी त्यात कधी हात घातला नाही. लिहिलं, सही केली. एक नक्कल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली.

मग ते म्हणाले, हापिसातल्या कॉम्प्युटरात तू दुसरी यादी करतोस म्हणं? त्यात वाडीवाली नाहीत, म्हणजे उद्या वाडी आणि गाव भांडणार. एका गावात दोन याद्या म्हणजे दोन तट. पुसून टाक, बाबा. आधीच दुष्काळानं लोक टेकीला आलेत.

मला पटलं. म्हणजे पटलं असं नाही, पण पटलं नाही म्हणायला तोंडात काही आलं नाही. संध्याकाळच्या आत पुसली. पुण्याला जे आहे ते आहे, आता एकच यादी. मुक्ताला सांगितलं तर ती उठून भांडी घासायला गेली.

२७ एप्रिल, शनिवार

पथक येऊन गेलं. वाडीवर गेले नाहीत, ऊन फार होतं. चेअरमनच्या मळ्यात जेवले. माझ्या पत्राचं कौतुक झालं म्हणे, जबाबदारी घेणारा कर्मचारी विरळा.

३० एप्रिल, मंगळवार

शहादेव आलाय. कारखाना बंद झाल्यावर महिनाभर वीटभट्टीवर थांबला होता. वासराचं त्याला घरी आल्यावर कळलं.

आज दुपारी तो हापिसात आला, मागं मावशी. मी उभा राहिलो. वाटलं, आता मारतो का काय. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो खुर्चीवर बसला नाही, जमिनीवर टेकला आणि हळू आवाजात बोलला. म्हणाला, ग्रामपंचायतीच्या फळ्यावरचा कागद वाचला. त्यात आपली गाय गैरहजर लिहिलीय. गावात लोक म्हणतात, म्हातारीनं गाय छावणीत आणलीच नाही, घरी बांधून उपाशी मारली. आई म्हणते, रोज आणत होते, उत्तरेश्वरच्या कॉम्प्युटरात लिहिलेलं आहे.

"तेवढं दाखव. बाकी मला काय नको. आई खरं बोलती एवढं दाखव."

मी कॉम्प्युटर चालू केला. का केला माहीत नाही, आत काही नाही हे मलाच माहीत होतं. पडदा उजळला. मावशी पुढं झाली आणि पदर हातात घेतला.

मी सांगितलं की यादी होती, बुधवारी पुसली. सांगितलं की गाय रोज होती, मी माझ्या डोळ्यांनी बघितली, बंकटमामाला विचार, मी स्वतः तिला भाकरी घातलीय. भराभरा बोललो. शहादेवनं सगळं ऐकून घेतलं.

"मंग त्या कागदावर सई कुणाची?"

"माझी."

 त्यानं आईकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं बघितलं. दोघांतलं कोण खोटं बोलतंय ते तो शोधत होता, आणि मी पँट-शर्टात खुर्चीवर बसलो होतो. मग म्हणाला, यंदा दसऱ्यालाच निघायचं म्हणून मुकादमाला आजच नाव दिलंय. बायको पण येणार.

मावशी त्याचा दंड धरून त्याला उठवायला लागली.

"ऱ्हाऊ दे रं शहादेव," ती म्हणाली. "सायेब लोकांनी लिहिलंय तर तसंच असंल. मीच न्हेली नसंल गाय. आता मला काय ध्यानात ऱ्हातंय?"

मी जागेवरून उठलो होतो. मावशी, असं म्हणू नका, तुम्ही आणत होता, एवढंच म्हणायचं होतं. ते दोघं फाटकाबाहेर जाईपर्यंत मी तसाच उभा होतो.